शेपटीतली मूठ

व्हर्लिन टेनहाकेनचं विमान तयार व्हायला अकरा वर्षं लागली आणि पुढे उन्हाळ्यात अकरा दिवस त्याने ते बिघडवण्यात घालवले. त्या दिवसांत त्याला कुणी असं म्हटलं असतं, तर त्याने हातातला पाना फेकून मारला असता.

सरकारी तपासनीस एप्रिलमध्येच येऊन गेला होता. सगळी झाकणं उघडून, आत डोकावून, कागदावर सही करून. उडायचं तेवढं बाकी होतं. पण मे महिन्यात व्हर्लिनच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि घरी बांधलेलं ते दोन माणसांचं विमान हँगरमधून गवतावर ओढणं त्याला एकट्याला जमेना. शेपटीचं चाक जमिनीलगत, धरायला जागा नाही, दोर बांधावा तर कंबर मोडते. तसं आयोवातल्या त्या लहानशा धावपट्टीवर कुणालाच एकट्याने विमान ओढावं लागत नसे. एका हँगरचं दार करकरलं की शेजारचा माणूस कॉफीचा कप ठेवून यायचा आणि न विचारता पंखाला हात लावायचा. व्हर्लिनला नेमकं हेच सोसत नव्हतं. बहात्तराव्या वर्षी कुणाचे उपकार नकोत म्हणून हा गृहस्थ दात दुखला तरी चार दिवस कुणाला सांगत नसे.

शनिवारी धावपट्टीवरच्या न्याहारीला सगळे जमले होते. शेजारच्या हँगरवाला लोवेल पॅनकेक चघळत म्हणाला, "काय रे व्हर्लिन, आता विमानाला घोडा जुंपणार का?"

सगळे हसले. व्हर्लिन तडकला. "ज्या दिवशी विमानासाठी तुला हाक मारावी लागेल ना, त्या दिवशी ते विकून टाकीन."

"बोललास हं. सगळ्यांनी ऐकलंय."

बोलून बसला खरा. मग इरेला पेटून त्याने मूठ करायला घेतली. शेपटीजवळ डाव्या कुशीत एक गोल भोक, आत प्लॅस्टिकचं अस्तर लावलेली नळी, तिच्यात सरकणारी ॲल्युमिनियमची दुसरी नळी. बाहेर ओढून पाव वळसा दिला की ती अडकून बसणार. मग शेपटी उचला, डाव्या हाताने विमान हवं तिकडे न्या. सोडली की स्प्रिंग तिला आत खेचणार आणि बाहेर फक्त रुपयाएवढं झाकण दिसणार, वाऱ्याला अडथळा नाही. अकरा वर्षं जपलेल्या पत्र्यात त्याने भोक पाडलं. आत लोंबकळणारा सरकत्या नळीचा शेवट विमानाचं नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप हलवणाऱ्या दांड्यापासून दोन बोटं दूर होता. ती झडप हलवायची वैमानिकापुढची स्टिक पट्ट्याने मागे बांधून, खाली आडवं पडून, टॉर्चने त्याने ते बघितलंही. मूठ तेव्हा बाहेर ओढलेली होती. ती आत गेली की नळीचा शेवट दांड्याकडे सरकणार, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही.

तिथे आणखी एक रीत होती. पहिल्या उड्डाणाआधी दुसऱ्या एखाद्या विमान बांधणाऱ्याने टॉर्च घेऊन सगळं बघायचं. लोवेलने बघितलं होतं, पण मूठ बसवण्यापूर्वी.

"लोवेलला दाखवलीस का ती मूठ?" उड्डाणाच्या दिवशी पहाटे तो बूट घालत असताना बायकोने, आर्लिसने विचारलं.

"मूठ आहे ती आर्लिस, इंजिन नाही."

सहाला तो धावपट्टीवर होता. कुणी यायच्या आत उडायचं होतं. दार त्याने इंचाइंचाने सरकवलं, करकरू नये म्हणून. मूठ ओढली, वळसा दिला, शेपटी उचलली. विमान मुकाट बाहेर आलं. त्याला इतका आनंद झाला की त्याने विनाकारण ते पुन्हा आत नेलं आणि पुन्हा बाहेर आणलं. मग मूठ सोडली आणि ती झटकन आत गेली.

आत बसून त्याने स्टिक पोटाशी ओढली. ती बोटभर आधीच थांबली.

जाकीट जाड आहे, तो स्वतःशी म्हणाला. जाकीट काढलं. पुन्हा तेच. शेवटाला पोचल्यावर धातूचा खणकन आवाज यायचा, आता नुसतं टक्. त्याने पट्ट्याने स्टिक बांधली, उतरला, शेपटीखाली आडवं पडून तपासणीचं झाकण उघडून बघितलं. दांडा आणि नळी यांच्यात नखाएवढी फट. म्हणजे लागत नव्हतं. वर चढला, ओढली, टक्. पुन्हा बांधली, पुन्हा उतरला, पुन्हा फट. पट्टा ताण खात होता, त्याला कळत होतं. तो खाली येईपर्यंत पट्टा सैल पडत होता. कुणीतरी वर बसून जोर लावून ओढायला हवी होती आणि कुणीतरी खालून बघायला हवं होतं.

उडताना स्टिक एवढी मागे ओढावी लागते कुठे, त्याने स्वतःला समजावलं. इंजिनाच्या किल्लीला हात लावला, काढला, परत लावला. खांदा ठणकत होता. लोवेलच्या हँगरमधून कॉफीचा वास यायला लागला होता. दहा मिनिटं तो नुसता विमानाभोवती फिरत होता. त्याला स्वतःचा मनस्वी राग येत होता, आणि लोवेलचा त्याहून जास्त, काही कारण नसताना.

शेवटी तो लोवेलच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"लोवेल. जरा स्टिक ओढून धरतोस का?"

लोवेलने त्याच्याकडे बघितलं, कप ठेवला. "विकायचं नंतर बघू," म्हणाला आणि जाऊन विमानात चढला.

व्हर्लिन शेपटीखाली आडवा झाला, टॉर्च लावला. "ओढ. आणखी. जोर लाव."

फट मिटली. दांड्याच्या बोल्टचं डोकं नळीच्या काठावर टेकलं, क्षणभर थांबलं आणि काठ ओलांडून पलीकडे उतरलं.

"आता सोड."

"सोडली कधीच," वरून लोवेल म्हणाला. मग काही वेळाने, वेगळ्याच आवाजात, "व्हर्लिन, ही पुढे जात नाहीये. मी दोन्ही हातांनी ढकलतोय."

बोल्ट नळीच्या काठाआड अडकला होता. म्हणजे हवेत नाक वर केलेलं विमान तसंच नाक वर करून राहिलं असतं, वेग संपेपर्यंत. मग सरळ खाली, मक्याच्या शेतात.

टॉर्च त्याच्या छातीवर पडला. इतकी भीती त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तीही जमिनीवर निजून. लोवेल उतरला, त्याच्या शेजारी गवतात गुडघे टेकून बसला, वाकून आत बघितलं.

"लोवेल," व्हर्लिन म्हणाला, "मला हात दे. एकट्याला उठता येणार नाही."