शनिवारपर्यंतचं पाणी

"गुरुजी, तिथं तुम्ही संडास साफ केले म्हणतेत. खरं हाय का जी?"

विचारून झाल्यावर अनुसयाला आपलाच आवाज वर्गभर फिरून परत आल्यासारखा वाटला. मागच्या ओळीत मीरा आणि वच्छला तोंडावर पाट्या धरून बसल्या होत्या. हे विचारून दाखवायची पैज ओंजळभर बोरांची होती. वर्षभरापूर्वी हा प्रश्न विचारला असता तर बापूराव गुरुजींची निंबाची छडी तळहातावर उमटली असती. पण गुरुजी वर्षभर सेवाग्रामला शिकवण्याचं शिक्षण घेऊन रोहण्याला परतले होते, आणि चार दिवस झाले तरी छडी कोणाला दिसली नव्हती.

गुरुजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

"खरं आहे. पहिल्या दिवशी मला उलटी झाली."

वर्ग फिस्सकन हसला. अनुसया हसली नाही.

"माह्या आज्यानं जलमभर गावची मेलेली ढोरं ओढली जी. त्याले कोणीच नाई विचारलं, उलटी झाली का म्हणून."

हसू थांबलं. गुरुजींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग वळून त्यांनी फळ्यावर उभी रेघ ओढली. एका बाजूला लिहिलं 'झाडणे', दुसऱ्या बाजूला 'पाणी'.

आजवर अनुसयाच्या वस्तीतल्या पोरी शाळा झाडायच्या आणि गावातली मुलं माठ भरायची. वस्तीतल्यांनी ओंजळ धरायची, कोणीतरी वरून धार सोडायची. गेल्या दसऱ्याला वस्ती नागपूरला जाऊन बौद्ध झाली, घराघरातले देव गेले. माठ मात्र होता तिथेच होता.

"उद्यापासून कामं हजेरीच्या क्रमानं. दर आठवड्याला बदलतील," गुरुजी म्हणाले. "मान्य असेल त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. काहींचे अर्धेच, पण झाले. हजेरीतलं पहिलं नाव अनुसयाचं. गुरुजींनी ते 'पाणी'खाली लिहिलं.

मंगळवारी सकाळी शाळेच्या दारात मीराचे वडील उभे होते. मोतीलाल शेठ, ज्यांच्या शेतात निम्मी वस्ती कापूस वेचायला जायची.

"मास्तर, सरकारनं तुम्हाले पोरं शिकवाले धाडलं, का गाव बाटवाले?"

उत्तराची वाट न बघता ते गेले. गुरुजी आत आले. त्यांनी फडकं भिजवलं आणि फळ्यापाशी जाऊन उभे राहिले.

"अनुसया, या आठवड्यात तू झाडून घे, बेटा. पुढे पाहू."

ती उठली. तिनं आवाज मोठा काढला.

"नाई जी. काल हात सगळ्यांनी वर केले. आज तुम्ही एकटेच काऊन पुसून राह्यले?"

फडक्यातून पाणी टपटपत राहिलं. शेवटी गुरुजींनी ते पिळलं, खिडकीत वाळत घातलं आणि कोपऱ्यातली घागर उचलून तिच्या हातात दिली.

शाळेमागच्या विहिरीवर तिनं दोन खेपा केल्या. दुपारच्या सुट्टीत माठाकडे कोणी फिरकलं नाही. गुरुजी आले, पेलाभर प्याले. तरी कोणी नाही. मग मीरा उठली. तिनं आधी अनुसयाच्या परकरात बोरं ओतली.

"जिंकली तू. घे तुह्यी बोरं."

आणि माठात पेला बुडवून, तोंडाला लावून, एका दमात रिकामा केला.

"अशी काय पाहतं? तहान लागली ना मले!"

संध्याकाळी अनुसयाचा बाप तानबा डोक्याचं मुंडासंही न सोडता उंबऱ्यात बसला होता.

"शेठचा निरोप आला. पोरीनं पाणी भरलं तर उद्यापासून वेचणीले येऊ नको म्हणते."

चुलीपुढे तिची आई सीताबाई भाकरी थापता थापता थांबली.

"झाडूच घे ना वं बाई. तो का जड हाय? आपल्या हाताले सवय हाय त्याची."

"म्हणूनच नाई घेत."

"एवढा आठवडा जाऊ दे, पोरी," तानबा म्हणाला. "पुढे पाहू."

"गुरुजीबी हेच म्हणत होते, बाबा. फडकं धरून."

तानबानं मान वर केली. मग मुंडासं सोडून ठेवलं.

सकाळी पाणी आणताना घागरीचं बूड डोक्याला रुतलं होतं. अनुसयानं खुंटीवरची आईची चुंबळ काढली, पाटीच्या पिशवीत कोंबली आणि पिशवी उशाशी ठेवली.

"उद्या बुधवार. आई, बाबा, शनिवारपर्यंत पाणी माह्यं हाय. मीच भरणार."