धुराला टाळ्या पडल्या तेव्हा

मित्रांनो, कुमासी शहरातल्या एका लहानशा प्रयोगशाळेतली मी एक जुनी टाकी आहे. अंगाला तीन पोचे, एक कडी मोडकी. पण पोटात अशी थंडी की बर्फालाही हुडहुडी भरावी. ती थंडी द्रव नायट्रोजनची. तो हळूहळू उडून जातो, म्हणून दर गुरुवारी मला तो पाजावा लागतो.

माझ्या पोटात सहा नळ्या होत्या. त्यांत अकरा वर्षांच्या दुफीच्या मांडीतून काढलेल्या मूळपेशी. दुफीच्या शरीरात एक जनुक बिघडलेलं आहे, त्यामुळे तिचे स्नायू वर्षागणिक झिजत चालले आहेत. डॉक्टर न्यार्कोबाई त्या पेशींत चांगलं जनुक घालतात आणि त्यांचा धडधाकट स्नायू होतो का ते बघतात. एकदा काचेच्या ताटलीत त्या पेशींतून वाढलेला स्नायूचा एक बारीक धागा खऱ्या स्नायूसारखा आकसला. त्या दिवशी डॉक्टरबाई खुर्चीत बसून आनंदाने रडल्या. दुफीच्या मांडीत पुन्हा काढण्याजोगा स्नायू आता उरलेला नाही. जे काही आहे ते माझ्यापाशी.

मला सांभाळते आफ्रिये, प्रयोगशाळेतली मदतनीस. तिचा रोजचा नेम आहे. सकाळी हात धुवायचे, देवाचं नाव घ्यायचं, लाकडी पट्टी माझ्या पोटात बुडवायची आणि बाहेर काढून तिच्यावर हिम कुठवर चढलं ते बघायचं. आठ बोटं चढलं की मी तृप्त. दुफी आली की कुबड्या टेकून माझ्या पत्र्याला कान लावायची.

"आंटी, माझे पाय झोपलेत का आत?"

"गाढ झोपलेत. तू बडबडून उठवू नकोस."

त्या शुक्रवारी परदेशी पाहुणे आले. संस्थेचे प्रमुख अडू-पोकूसाहेब म्हणाले, "झाकण काढ गं. धूर दिसू दे. पाहुणे काय नुसता पत्रा बघणार?"

"साहेब, तो धूर नाही. त्या पोरीचं जगणं आहे ते, उडून जाईल."

"फार कळतं तुला. जा, पाहुण्यांना सरबत दे."

मला दिवाणखान्यात नेलं, कलतं केलं आणि माझं अमृत फरशीवर ओतलं. पांढरे ढग पसरले. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. झाकण कुणी लावलं नाही. खोलीला कुलूप ठोकून, किल्ली खिशात टाकून साहेब मामाच्या मयतीला गावी गेले.

शनिवार हा आमच्याकडे मयतींचा वार; त्या सकाळी आफ्रियेही त्याच मयतीला निघालेली, मयतीचं काळं-तांबडं नेसून. पण नेम चुकवायचा नाही म्हणून आधी आली. चौकीदाराकडून कुलूप तोडून घेतलं, पट्टी बुडवली. हिम जेमतेम अर्धं बोट. नायट्रोजनवाल्याचं दुकान बंद, तोही मयतीला. तिने झाकण लावलं, मला टॅक्सीत घातलं, माझ्या वाफेने कुणी गुदमरू नये म्हणून खिडक्या उघड्या ठेवल्या आणि थेट गुरांचं पैदास केंद्र गाठलं. तिथे बैलांचं वीर्य अशाच थंडीत ठेवतात.

तिथले म्हातारे राखणदार इसाकाबाबा दारातच हसले. "अख्खं शहर मयतीला, आणि तू काळं नेसून माझ्याकडे? माझा कोणता बैल गेला?"

"थट्टा नको, बाबा. आत एक मुलगी आहे."

बाबा तसेच आत वळले. बैलांसाठीच्या नायट्रोजनची बरणी आणून त्यांनी माझ्यात ओतली. मग म्हणाले, "बैलांना मी समजावीन."

तरी वरच्या चार नळ्या गेल्या. तळाच्या दोन वाचल्या.

सोमवारी साहेब म्हणाले, "चारच ना? दोन आहेत की." वर कुलूप तोडल्याबद्दल आफ्रियेला सगळ्यांदेखत झापलं. चारच! मित्रांनो, मी पत्र्याची, पण हा शब्द मला अजून बोचतो. जिने वाचवलं तिला बोल, आणि ज्यांनी ओतलं त्यांचा ढगांमधला हसरा फोटो भिंतीवर.

दुफीला आफ्रियेने सगळं खरं सांगितलं. दुफीने कुबड्या टेकून माझ्या पत्र्याला कान लावला.

"दोन राहिल्या ना, आंटी? मग एकेका पायाला एकेक."

आफ्रियेने तोंड फिरवलं आणि पट्टी पुसायला घेतली.

मित्रांनो, मला रंग नको, हारफुलं नकोत. वेळेवर नायट्रोजन द्या आणि झाकण लावा, एवढंच. आणि पुन्हा कुणी तुम्हाला असा सुंदर पांढरा धूर दाखवला, तर टाळ्या वाजवू नका. आधी विचारा, आत कोण आहे?