धुऱ्यावर पुरलेला पाय

बापूजीचा डावा पाय वाघानं नेला, असं पोंभुर्ण्याच्या बाजारात कोणीही सांगेल. सांगणाऱ्याप्रमाणे वाघ वाढतो. पानठेल्यावर तो गोऱ्ह्याएवढा असतो, बाजार उठेपर्यंत ट्रकएवढा होतो, आणि खुद्द बापूजी सांगायला बसला तर त्या वाघाच्या मिशीत अडकून एक अख्खी बैलबंडी जंगलभर फरपटलेली असते. खरी गोष्ट एवढीच, की टाचेत बाभळीचा काटा मोडला, अंगात साखर होती, जखम काळी पडली आणि चांद्याच्या दवाखान्यात पाय गुडघ्याखालून काढावा लागला. पण काट्यानं पाय नेलेला माणूस म्हणून उरलेलं आयुष्य काढायचं, हे बापूजीच्या जिवाला पटेना.

कापलेला पाय दवाखान्यानं पोत्यात बांधून त्याच्या पोराच्या, निकेशच्या हाती दिला. निकेशनं तो एस.टी.नं गावी आणला. कंडक्टरनं त्याचं लगेज लावलं की अर्धं तिकीट फाडलं, यावर गावात अजून दोन मतं आहेत. पाय जाळायचा की पुरायचा, एका पायाचं सुतक किती धरायचं, यावर तर पारावर भांडणच लागलं. ते मिटायची वाट न बघता निकेश एकटाच गेला आणि धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, दोन वाफ्यांमधल्या मातीच्या वरंब्यावर, पाय पुरून आला. बापूजीनं घरी आल्यावर पायाची तेरवी करायला लावली, पहिल्या पंगतीला बसला आणि वाढणाऱ्यांना म्हणाला, स्वतःच्या तेरवीचे वडे खाणारा माणूस पाहून घ्या, परत दिसायचा नाही.

मग पाय दुखायला लागला. राहिलेला नव्हे, गेलेला.

गुडघ्याखाली धोतर रिकामं लोंबायचं, आणि त्या रिकाम्या जागेत अंगठा शेजारच्या बोटावर चढून पिळला जायचा. टाचेतून तापलेली सळई वर सरकायची. बापूजी धरायला हात खाली न्यायचा तर हाताला नुसती बाजेची दोरी लागायची. शेजारची कमळाबाई मोहाच्या बियांचं तेल घेऊन आली आणि चोळायचं कुठं ते न कळून बाटली धरून उभीच राहिली. गावातल्या डॉक्टरनं सुया टोचल्या. दुखण्याच्या गोळ्या तर बापूजीनं फुटाण्यासारख्या खाल्ल्या. अंगठा पिळतच राहिला.

लोकांना तो म्हणायचा, वाघ आज पाय घेऊन रायमुनियाच्या झुडपात शिरला, म्हणून काटे टोचतात. लोक मांड्या ठोकून हसायचे आणि दुसऱ्या दिवशी वाघ कुठवर पोचला ते विचारायला यायचे. दुखतं असं सरळ सांगितलं असतं तर सगळे एकदाच हळहळले असते आणि परत अंगणात कोणी फिरकलं नसतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. वाघामुळे निदान माणसांचे आवाज तरी कानावर पडायचे.

निकेशला मात्र त्यानं वाघ सांगितला नाही. निकेश घुग्घुसला सिमेंटच्या कारखान्यात पाळीवर होता, सुटी असली की मोटारसायकलनं यायचा. आला की बापूजी सुरू करायचा, "तुनं घाई केली. खड्डा आखूड काढला, बोटं मुडपून कोंबली. म्हनून मले हे भोगा लागून राह्यलं."

निकेश म्हणायचा, खड्डा लांब होता, पाय सरळ ठेवला. पुढच्या खेपेला बापूजीचं पुन्हा तेच. एकदा चार माणसांत तो म्हणाला, की पोरानं बापाचा पाय मेल्या कुत्र्यासारखा पुरला. निकेश चहा तसाच ठेवून उठला. त्यानंतर तो आला नाही. काही दिवस फोन यायचा, जेवले का एवढं विचारून बंद व्हायचा. मग तोही येईनासा झाला.

चांद्याला नकली पायाचं शिबिर लागलं तेव्हा बापूजी माप द्यायला गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईनं त्याचा गुडघा चाचपला आणि सहज विचारलं, बाबा, गेलेला पाय दुखतो का?

बापूजीच्या तोंडाशी वाघ आला होता. तो तिथंच थांबला. हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता. त्यानं नुसती मान हलवली, आणि त्याचे डोळे भरून आले.

ती म्हणाली, असं पुष्कळांना होतं. पाय गेला तरी त्याच्या तुटक्या नसा वर राहतात, आणि डोकं काही त्या पायाला विसरत नाही. साध्या गोळीनं हे दुखणं हलत नाही, त्याला नसांची वेगळी गोळी लागते. झोपताना एक घ्यायची, आम्ही सांगू तशी वाढवायची. झापड येईल, गुण यायला दिवस लागतील, पण आपल्या मनानं बंद करायची नाही.

बापूजीनं गोळ्या घरी आणल्या आणि पिशवीसकट खुंटीला टांगून ठेवल्या. एकही घेतली नाही. दुखणं नसेतलं असेल, तर निकेशचं काहीच चुकलं नव्हतं. मग चार माणसांत जे बोललो ते कुठं ठेवायचं?

धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या होत्या. एका दुपारी तो खणायची लोखंडी सब्बल घेऊन कुबड्यांवर धुऱ्याकडे गेला आणि खाली बसून खणू लागला. आखूड खड्डा एकदा डोळ्यांनी दिसला की झालं, असं त्याच्या मनात होतं.

खड्डा लांब होता. बापूजीचा दुसरा पायही त्यात मावला असता, इतका. वर लुगड्याच्या कुजक्या चिंध्या होत्या. काठावरून कळत होतं, ते निकेशच्या आईचं लुगडं होतं. आत हाडं सरळ होती. बोटांची बारीक हाडं ओळीनं, धान रोवल्यासारखी. आणि टाचेखाली, ज्या टाचेत काटा मोडला होता तिच्याखाली, काळ्या पडलेल्या कापसाचा थर होता.

पोरानं गादी घातली होती.

समोर बोटं सरळ पडली होती आणि त्याच वेळी धोतराच्या रिकाम्या जागेत ती पिळून निघत होती. बापूजी दोन्हीकडे बघत बसला. मग त्यानं हातानंच माती लोटली, आणि त्या दिवशी झोपायच्या आधी खुंटीवरची पिशवी काढली.

पहिले काही दिवस तो कोंबडीसारखा बसल्या जागी पेंगला. दुखणं होतं तिथंच होतं. पुढं गोळी वाढली. मग एका सकाळी चहा संपल्यावर त्याच्या लक्षात आलं, की एका हातानं बाजेची कड न धरताच आपण अख्खा कप प्यालो. पाय अजून होता, पण लांबच्या घरात चालू असलेल्या रेडिओसारखा. अंगठा शेजारच्या बोटावरून उतरला होता.

त्यानं निकेशला फोन लावला. मागं यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"म्या पाय खोदून पाह्यला. सरळ होता रे."

"बाबा, आता हे कोनती नवी गोष्ट काढली?"

"गोष्ट नाई. दुखनं नसेतलं होतं, गोळीनं बसलं."

"बरं. वाघाले सांगा, मी इचारत होतो म्हनून."

"टाचेखाली कापूस होता," बापूजी म्हणाला.

पलीकडची घरघर एकदम बारीक झाली. फोन बंद झाला असं वाटून बापूजीनं तो कानापासून काढून पाहिला. चालू होता.

"हे मी कोनालेच सांगतलं नव्हतं," निकेश यंत्रांपासून लांब जाऊन म्हणाला. मग म्हणाला, पाळी सुरू होते आहे, सुटीचं पाहतो. येतो असं काही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी कमळाबाई आणि आणखी दोघं अंगणात आली. वाघ कुठवर पोचला, असं त्यांनी विचारलं. बापूजी म्हणाला, वाघ नव्हताच, काटा होता. ती हसली. मग तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "माहा पोरगा येनार हाये."

ही गोष्ट वाघाहून रंगणार, असं वाटून तिघंही मांडी घालून बसली. "मंग?" कमळाबाईनं विचारलं.

"मंग काई नाई, वाट पाहाची," बापूजी म्हणाला, आणि कुबड्या जवळ ओढून रस्ता दिसेल असा सरकून बसला.