उभ्याने पाहिलेला माथा

फोन आला तेव्हा तो ऑफिसात दुसऱ्याच रस्त्याच्या वळणाचे आकडे तपासत होता. पलीकडे पोलीस होता.

"गाडीला अपघात झालाय. किलोमीटर सेहेचाळीस, चढाचा माथा ओलांडला की लगेच. तुमचे मेहुणे चालवत होते, त्यांचा हात मोडलाय. तुमच्या मिसेस..."

पुढे पोलिसाने बॉडी कुठे ठेवली आहे तेवढं सांगितलं. त्यातच सगळं आलं.

खरं सांगायचं तर त्याला आधी बायको आठवली नाही. आधी आठवली वही. सेहेचाळीसचा माथा तीन वर्षांपूर्वी त्याने स्वतः मोजला होता आणि वहीत लिहिलं होतं, 'दिसते'. बायको त्याच्यानंतर आठवली. हे तो कुणाजवळ बोलला नाही.

तो रस्ते खात्यात मोजणीदार होता. ताशी ऐंशीने येणाऱ्या गाडीला, माणूस दचकून ब्रेकवर पाय देईपर्यंतचा वेळ धरून, थांबायला एकशे वीस मीटर लागतात. तेवढा रस्ता पुढे दिसलाच पाहिजे. दिसत नसेल तर साठची पाटी लावायची, नाहीतर माथा कापून खाली घ्यायचा. तपासायची रीत साधी. दोन माणसं आणि मध्ये एकशे वीस मीटरची दोरी. पुढचा एक पट्टी घेऊन चालतो. पट्टीला तळाशी पंधरा सेंटिमीटर लाल रंग, म्हणजे समजा रस्त्यात पडलेला दगड. मागच्याने काठीच्या खाचेतून तो लाल रंग बघायचा. खाच एक मीटर वीसवर, कारण गाडीत बसलेल्या माणसाचे डोळे तेवढ्याच उंचीवर असतात. म्हणजे मागच्याने दर खेपेला वाकायचं. दिवसाकाठी शंभर वेळा तरी.

तीन वर्षांपूर्वी सेहेचाळीसचा माथा मोजला, त्या दिवशी त्याची कंबर धरली होती. सकाळी बायकोने मलम चोळून दिलं आणि वर दम भरला, "आज वाकलात तर बघा. संध्याकाळी 'आई गं' करत आलात तर मी हातसुद्धा लावणार नाही."

पट्टी धरायला नेहमीचा जोडीदार होता. उंचीवरून सगळे त्याला ठेंगू म्हणत, आणि तोही हाकेला ओ देई. दुपारपर्यंत हा कण्हत कण्हत वाकत राहिला.

"अरे, आटप की," ठेंगू लांबून ओरडला. "दर वेळी नमस्कार घालतोयस होय रस्त्याला?"

सेहेचाळीसच्या माथ्यावर तो वाकला नाही. काठी बगलेत धरून उभ्यानेच पाहिलं. लाल रंग जेमतेम, पण दिसला.

"दिसतंय का रे?"

"दिसतंय. चल पुढे."

अपघाताच्या कागदांवर सही करायला तो चौकीत गेला, तेव्हा त्याच पोलिसाने समजावून सांगितलं. कुणा ट्रकवाल्याने बंद पडलेल्या गाडीच्या चाकाला दगड लावला होता आणि जाताना तो तिथेच टाकून गेला होता. मेहुण्याने ब्रेक करकचून लावला होता. चाकांची काळी खूण सरळ दगडापर्यंत गेली होती. तिथून गाडी उसळून चरात उलटली.

"वेग बरोबर होता हो त्यांचा," पोलीस म्हणाला. "दहा-बारा मीटर आधी दिसला असता ना, तर वाचले असते सगळे."

त्याने सही केली. पेन परत द्यायचं विसरला.

दिवसांसाठी घरी जमलेल्या नातेवाइकांत मात्र सगळं खापर मेहुण्यावर फुटलं होतं. तोंडावर कुणी बोलत नसे, पण तो खोलीत आला की बोलणं थांबायचं. त्याची सख्खी आई त्याला चहा द्यायची तो कप खाली ठेवून, हातात नाही. एका सकाळी तो प्लास्टरमधला हात सांभाळत याच्यासमोर येऊन बसला.

"भावोजी, मला शिव्या द्या. दोन थोबाडीत द्या. पण असं गप्प बसू नका."

"अरे, तुझी काय चूक?"

"ताई तुमची नक्कल करत होती. तुम्ही चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधता ती. मी हसत होतो हो. हसत नसतो तर दगड आधी दिसला असता."

तेव्हाच सांगायचं होतं. शब्द तोंडाशी आले होते. पण तो म्हणाला, "होतं असं कधी कधी," आणि मेहुण्याच्या पाठीवर हात ठेवला. मेहुणा त्या हातावर डोकं टेकून रडला. तो हात काढून घ्यावासा वाटला, पण काढता येईना.

पुढच्या रविवारी सकाळी तो ठेंगूला घेऊन माथ्यावर गेला. दोरी ताणली, काठी उभी केली आणि वाकून खाचेतून पाहिलं. समोर नुसतं डांबर आणि त्याच्यावर आभाळ. पट्टीचा वरचा पांढरा भाग दिसत होता, पण लाल नाही.

"मागे ये," तो ओरडला. "अजून. अजून."

ठेंगू पावलापावलाने जवळ येत गेला. लाल दिसला तेव्हा अंतर भरलं एकशे सात. तेरा मीटर कमी.

"त्या वेळी तर दिसलं होतं तुला," ठेंगू म्हणाला.

"उभ्याने."

ठेंगूने पट्टी आडवी ठेवली आणि रस्त्याच्या कडेला बसला.  दोन गाड्या ऐंशीने माथ्यावरून गेल्या.

"कुणाला कळणारे?" शेवटी ठेंगू म्हणाला. "नुसती पाटी लावा म्हणून लिही. जुनं कशाला उकरतोस?"

त्याने सोमवारी सगळं लिहून दिलं, उभ्याने पाहिल्याचंसुद्धा. वरच्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला आणि चौकशी लावली. आठ दिवसांत माथ्याच्या अलीकडे साठची पाटी लागली. चौकशीत त्याने काही लपवलं नाही. साहेबांना सांगणं जड गेलं नाही. ते बायकोचे कुणी नव्हते.

मेहुण्याच्या हाताचं प्लास्टर निघालं. गाडी त्याने विकून टाकली. आता तो कामावर बसने जातो, आणि बसमध्येही पुढच्या सीटवर बसत नाही, असं त्याची बायको सांगत होती. घरात तो हसत नाही. मुलं हसली तर उठून बाहेर जातो.

हा दोनदा त्याच्याकडे जाऊन आला. एकदा चहा पिऊन परत आला. दुसऱ्यांदा मेहुण्यानेच दार उघडलं आणि "या भावोजी, तुम्ही येता म्हणून बरं वाटतं," म्हणाला. तेव्हा याने अर्जाच्या प्रतीची घडी खिशातून काढलीच नाही.

चौकशी संपली. माथा पुढच्या वर्षी कापणार आहेत. मेहुण्याला सांगायचं राहिलं आहे.