पेजबाबांची गूळतुला

बोनकोड्याच्या मंगल कार्यालयात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी जिथे नवरानवरीचे फोटो झळकतात, त्या पडद्यावर रक्ताचे रिपोर्ट झळकत होते आणि दर रिपोर्टला ढोल वाजत होता.

"मानसिंग शेडगे!" पेजबाबा माईकवर गरजले. "तीन महिन्यांपूर्वी क्रिएटिनिन तीन पूर्णांक दोन. आज? दोन पूर्णांक एक! किडनी उमलली, भक्तांनो, कमळासारखी उमलली!"

रिपोर्टवर हळदकुंकू वाहिलं गेलं. ज्याचा तो रिपोर्ट, तो मानसिंग मात्र स्टेजच्या तीन पायऱ्या चढताना कठडा धरून दोनदा थांबला. हे त्याच्या बायकोला, रंगूबाईला तेवढं दिसलं. बाकी सगळे पडद्याकडे बघत होते.

बाबांचं शास्त्र सोपं होतं. डॉक्टरच सांगतात ना, किडनीच्या रोग्यानं प्रोटीन कमी खावं? मग कमी कशाला, बंदच करा! डाळ, दूध, अंडी सगळं तामसी. दिवसातून दोनदा मंतरलेली साबुदाण्याची पेज आणि वर नामस्मरण. थापेला अर्ध्या सत्याची फोडणी दिली की ती भल्याभल्यांना पचते.

रंगूबाई वाशीच्या बाजारात कांदा निवडायची. ठेवलेला कांदा सुकून हलका होतो, त्याला व्यापारी घट म्हणतात. पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन पळणारा तिचा माणूस आता पाण्याची कळशी उचलताना धापा टाकत होता.

"आवं, ही घट हाय," ती म्हणायची.

"गप गं. रिपोर्ट कमी आला का न्हाई? तू काय डाक्टर हाईस?"

ती डॉक्टर नव्हती, म्हणून ती त्याची फाईल घेऊन डॉक्टर गीतांजलींकडे गेली. मानसिंगनं तीन महिन्यांपूर्वी ज्यांची पायरी चढणं सोडलं होतं, त्या याच. त्यांनी रिपोर्ट बघितला आणि विचारलं, "मावशी, आता वजन किती आहे?"

फाईलवर अडुसष्ट होतं. आजचं कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबांच्या दरबारात सगळं होतं, वजनकाटा तेवढा नव्हता. डॉक्टरांनी मग तिला दहा मिनिटं समजावलं. ती तिथून उठली ती थेट बाबांकडे गेली आणि नवस बोलली, "बाबांची गूळतुला करायची हाय!"

बाबा विरघळले.

पुढच्या रविवारी बाजारातला मोठा काटा हातगाडीवरून आला. बंडू हमालानं आणि त्याच्या जोडीदारानं तो स्टेजवर चढवला. बाबा वर बसले. आकडा लागला, शहाण्णव.

"पेजेवर?" मागून कुणीतरी विचारलं आणि हॉलमध्ये खसखस पिकली.

रंगूबाईनं माईक घेतला. "आता बाबांनी बरं केलेल्यांनी चढावं. जुनी फाईल हातात घिऊन."

बऱ्या झालेल्यांपैकी शालनताई आधी चढल्या. फाईलवर चोपन्न, काट्यावर पंचेचाळीस. मानसिंग चढला. अडुसष्टाचे पंचावन्न झाले होते. ढोलवाल्याचे हात थांबले.

"पापाचा भार उतरला!" बाबा ओरडले.

"मग बाबा, तुमचं लई शिल्लक हाय की!" रंगूबाई माईकवरूनच म्हणाली.

त्या हशातच, रंगूबाईच्या बोलावण्यावरून मागच्या रांगेत येऊन बसलेल्या डॉक्टर गीतांजली उठल्या. "क्रिएटिनिन आपल्या स्नायूंतून तयार होतं. किडनी ते बाहेर टाकते. उपाशी राहून दंड-मांड्या झडल्या की ते तयारच कमी होतं, म्हणून आकडा खाली येतो. किडनी होती तिथेच राहते. प्रोटीन मोजून कमी केलं, बाकी पोटभर खाल्लं, तर काही रोग्यांचा आजार हळू वाढतो. बंद केलं तर माणूस वाळतो."

बाबांची तेवढ्यात ध्यानाची वेळ झाली. ते मागच्या दारानं गेले.

काटा परत न्यायचा होता. सवयीनं मानसिंग वाकला, एका बाजूनं हात घातला. पूर्वी हा काटा तो एकटा गाडीवर चढवायचा. आता काटा जागचा हलला नाही. सगळा हॉल बघत होता. मानसिंग तिथेच पायरीवर बसला.

"रंगे," तो खाली बघत म्हणाला, "आज वरण कर."

रंगूबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. तिनं पदर लावला आणि डॉक्टरांना विचारलं, "किती देऊ?"

स्नायूंवर अवलंबून नसलेली एक वेगळी रक्ततपासणी डॉक्टरांनी नंतर केली. किडनी तीन महिन्यांपूर्वी होती तशीच निघाली, कमळबिमळ काही उमललं नव्हतं. आता मानसिंगच्या ताटात वरण मोजून असतं आणि भात पोटभर. दर महिन्याला रंगूबाई त्याला बाजारातल्या काट्यावर उभा करते.

मंडळी, रिपोर्टवरचा आकडा घसरला म्हणून नारळ फोडायची घाई करू नका. आधी माणसाकडे बघा, मग डॉक्टरला विचारा. पोतं हलकं झालं म्हणून माल सुधारला, असं बाजारातलं शेंबडं पोरही म्हणत नाही.