मागच्या डाव्या दाराची काच

पंचशीला दोन वर्षं योगेंद्र पाटलाची गाडी चालवत होती. घोडबंदरच्या या पाटलाकडे चार टुरिस्ट गाड्या. तीन पुरुष चालवायचे आणि चौथी, सगळ्यांत जुनी, हिच्याकडे. मंगळवार, गुरुवार, शनिवार जेसल पार्कातल्या हंसाबेनना मीरा रोडला डायलिसिसला न्यायचं, चार तास थांबून परत आणायचं, हे तिचं बांधलेलं काम. बाकी दिवस मिळेल ते भाडं.

हंसाबेनना एसी सोसत नसे. मागे डावीकडे बसून त्या काच पूर्ण खाली करत आणि तोंडावर वारा घेत. उजव्या हाताला सुया टोचत असल्यामुळे तो हात दाराला घासलेला चालत नसे, म्हणून बाजू बदलायचीही सोय नव्हती. तीच काच एके दिवशी वर गेली ती खाली येईना. बटण दाबून बोट दुखलं. पुढून ड्रायव्हरच्या बटणानेही काही हललं नाही.

पंचशीलाने योगेंद्रला फोन केला.

"गाडी पळतेय ना?" तो म्हणाला. "मग खिडकीचं काय घेऊन बसलीस. बघू नंतर."

त्या शनिवारी परत येताना गोल्डन नेस्टच्या सिग्नलला हंसाबेनना मळमळायला लागलं. त्या काचेवर हात मारत राहिल्या. पंचशीलाने गाडी कडेला घेऊन दार उघडेपर्यंत त्यांच्या साडीवर उलटी झाली होती. सोसायटीच्या गेटवर उतरताना त्यांनी पदराने सगळं झाकलं, पण वॉचमनने बघायचं ते बघितलंच. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "सॉरी बेटा, तारी गाडी बगाडी." पंचशीलाला वाटलं, माफी आपण मागायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी ती हायवेलगतच्या दत्ताराम इलेक्ट्रिशियनकडे गेली. त्याने बटण दाबून पाहिलं. "स्विच गेलाय. नवीन टाकावा लागेल. मालकाला सांग."

"मालक टाकणार नाही."

दत्ताराम एका रिक्षाच्या वायरिंगमध्ये हात घालून बसला होता. तिच्याकडे न बघताच म्हणाला, "मग तू कर. मी सांगतो तसं."

तिने दारावरच्या हात टेकायच्या पट्टीच्या फटीत प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवली आणि हळूहळू उचकटत गेली. एकेक क्लिप टक् करून सुटली. हात टेकायची पट्टी उलटी केली तर खाली स्विच आणि त्याला वायरींचा सॉकेट. सॉकेटची खिटी दाबून तो ओढून काढला. उजव्या दाराचा चांगला स्विच आणून दत्तारामने तिथे जोडून पाहिला, तर काच सर्रकन खाली. म्हणजे मोटर शाबूत होती. "पुढच्या बटणाचा करंटही यातूनच जातो," तो म्हणाला. "हा मेला की दोन्ही मेले."

तिने खराब स्विचचं टोपण उघडलं. कुठल्यातरी पोराने सांडलेलं कोल्ड्रिंक आत जाऊन चिकट झालं होतं आणि तांब्याच्या पट्ट्या काळ्या ठिक्कर पडल्या होत्या. दत्तारामने दिलेला स्प्रे मारला, बारीक पॉलिश पेपरने पट्ट्या घासल्या. तांबं लाल दिसेपर्यंत तिने हात थांबवला नाही. आतली छोटी स्प्रिंग दोनदा उडाली, दोनदा जमिनीवर शोधावी लागली. शेवटी सगळं बसवलं, बटण दाबलं, आणि काच खाली गेली. वर आली. परत खाली गेली.

"हात चांगला हाय तुझा," दत्ताराम म्हणाला. दोन वर्षांत तिच्या कामाला कोणी चांगलं म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं.

मंगळवारी हंसाबेन घरापर्यंत वारा घेत आल्या. घरी जाऊन त्यांनी मुलाला, केतनला, सगळं कौतुकाने सांगितलं. गाडी आता कशी मस्त आहे, काच कशी लोण्यासारखी चालते.

पुढच्या आठवड्यात योगेंद्रचा फोन आला. "रविवारी गाडी धुऊन जेसल पार्कात आण. पार्टी बघायला येतेय."

पार्टी म्हणजे केतन होता. तो आईसाठी गाडी शोधतच होता; तिचं कौतुक ऐकून त्यानेच योगेंद्रला विचारलं होतं. त्याने चारही काचा वरखाली केल्या, डावी मागची तर तीनदा.

"सगळं ओके हाय," योगेंद्र म्हणाला. "तो स्विच पण आत्ताच केलाय."

पंचशीला बॉनेटपाशी उभी होती. तिने केतनला विचारलं, "ड्रायव्हर लागेल ना तुम्हाला?"

केतनने उत्तर योगेंद्रकडे बघून दिलं. "गाँव से लड़का आ रहा है. घर में ही रहेगा, खाएगा. अपने लोगों में से है."

केतन कागद आणायला वर गेला तेव्हा ती योगेंद्रला म्हणाली, "दादा, स्विच मी केला. तुम्ही नाही."

"मग मी काय सांगितलं? केलाय म्हणूनच सांगितलं ना." त्याने किल्लीसाठी हात पुढे केला. "तुझं बघतो कुठंतरी."

त्याने काही बघितलं नाही. तिने दोन महिने उंबरे झिजवले. बाईमाणूस म्हटल्यावर कोणी गाडी द्यायला तयार होईना. अखेर पाण्याच्या जारचा टेम्पो मिळाला. चालवायचाही आणि जार चढवायचेही. या दिवसांत तिने मनाशी एक गोष्ट धरून ठेवली होती : हंसाबेनना यातलं काही ठाऊक नसणार. ठाऊक असतं तर त्या भांडल्या असत्या.

एका गुरुवारी हंसाबेनच्याच बिल्डिंगची ऑर्डर आली. हंसाबेन खाली बाकड्यावर गाडीची वाट बघत बसल्या होत्या. पूर्वीपेक्षा वाळल्या होत्या. तिला बघून त्या गडबडल्या.

"बेटा, केतन म्हणाला, तुला मोठी नोकरी मिळाली."

"नाही मिळाली. गाडी विकली आणि मला काढलं."

हंसाबेन दंडावरची पट्टी सारखी करत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मने खबर हती. माहीत होतं मला. घरात बोलणं झालं तेव्हा मी तिथेच होते. तूच पाहिजे, असं म्हणायला पाहिजे होतं. म्हटलं नाही." मग पुन्हा म्हणाल्या, "हफ्त्यात तीन वेळा जायचं ते केतनच्याच भरवशावर आहे मी, बेटा."

पंचशीलाला त्यांच्यावर रागवायचं होतं. समोर ती सुजलेली पावलं आणि पांढरा पडलेला चेहरा होता. राग आला, पण त्याला उतरायला जागा नव्हती.

"चौथ्या मजल्यावर द्यायचाय," ती म्हणाली आणि जार खांद्यावर घेतला. सामान घेऊन लिफ्टने जायचं नाही, असं वॉचमनने आधीच बजावलं होतं. ती जिना चढायला लागली.