बापूसाहेबांनी सोडलेला चहा

अकोल्याचे बापूसाहेब वकील आईचं श्राद्ध करायला गयेला गेले, तेव्हा चहा सोडायचा त्यांचा मुळीच विचार नव्हता. त्यांनी कारलं सोडायचं ठरवलं होतं.

गयेला अक्षयवटाखाली पिंडदान झालं, की आपल्या आवडीचं एखादं फळ, एखादी भाजी पितरांच्या नावानं कायमची सोडायची, अशी रीत आहे. आपले लोक ती फार श्रद्धेनं पाळतात. ज्या भाजीवरून घरात वर्षानुवर्षं ताटं सरकवली गेली, ती भाजी गयेला एकाएकी आवडीची होते आणि भरल्या डोळ्यांनी सोडली जाते. बापूसाहेबांना कारल्याचा लहानपणापासून तिटकारा होता, त्यामुळे निवडीला वेळ लागला नाही.

पण सोबत खुशालराव होते. खुशालराव तेल्हाऱ्याचे शेतकरी, बापूसाहेबांचे जुने पक्षकार. त्यांनाही वडिलांचं करायचं होतं, म्हणून ते वकीलसाहेबांच्या सोबतीनं निघाले होते. गयावळानं, म्हणजे तिथल्या पंड्यानं, आधी त्यांनाच विचारलं, "क्या छोडोगे?"

खुशालरावांनी कमरेची चंची काढली, वडाच्या बुंध्याशी ठेवली आणि म्हणाले, "तंबाखू."

आजूबाजूच्या लोकांनी माना वळवल्या. एका म्हातारीनं तर खुशालरावांना हात जोडले. या माणसाच्या पाठोपाठ कारलं सोडायचं म्हणजे काय शोभा होणार, हे बापूसाहेबांना लगेच दिसलं. इतकी वर्षं वकिली केलेली. समोरचा पक्ष भारी पडतो आहे हे त्यांना सांगावं लागत नसे. त्यांनी घसा खाकरला.

"चहा," ते म्हणाले.

शेजारी बसलेल्या अनसूयाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, कारलं ना?" त्या हळूच म्हणाल्या.

"चहा!" बापूसाहेब दुप्पट आवाजात म्हणाले. म्हातारी अजून खुशालरावांकडेच पाहत होती.

बापूसाहेब चहा पीत असत, असं म्हणणं बरोबर होणार नाही. दोन चहांच्या मधल्या वेळात ते वकिली करत असत, हे जास्त खरं. आईला त्या चहाचा वासही खपत नसे. "नरडं जाळून घेशील एक दिवस," असं ती जन्मभर म्हणाली आणि बापूसाहेबांनी जन्मभर ऐकलं नाही. ते आता, ती ऐकायला नसताना, ऐकलं गेलं होतं. परतीच्या गाडीत हा विचार मनात आला तेव्हा बापूसाहेब बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. आपण हे वडाखालच्या त्या म्हातारीसाठी केलं की आईसाठी, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. अडचणीचा प्रश्न साक्षीदाराला विचारू नये, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सुरुवातीचे महिने फार सोपे गेले. वऱ्हाड मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेल्याला तेव्हा थोडेच दिवस झाले होते आणि बाररूममध्ये दुसरा विषय नव्हता. बापूसाहेबांच्या चहानं तो विषय मागे टाकला. कोर्टाबाहेरच्या हाटेलवाल्यानं त्यांच्या दुधासाठी वेगळा ग्लास काढून ठेवला. लग्नाच्या मांडवात यजमान ओरडून सांगत, "साहेबांना चहा नको रे, गयेला सोडला आहे!" मग चौकशी होई आणि बापूसाहेब खाली पाहून म्हणत, "त्यात काय विशेष? मनाचा निग्रह लागतो, इतकंच." एका शाळेनं त्यांना मुलांपुढे 'निग्रह' या विषयावर बोलायला बोलावलं. ते तासभर बोलले. एकदाही चहाची आठवण झाली नाही.

पावसाळा लागला आणि लोकांना सवय झाली. सवयीसारखं वाईट काही नाही. हाटेलवाला न सांगता दूध ठेवून जाऊ लागला. मांडवात कोणी ओरडेना. नव्या आलेल्या एका ज्युनियर वकिलाला तर वाटलं, यांना पित्ताचा त्रास असेल. आणि ज्या दिवशी त्यानं तसं विचारलं, नेमक्या त्या दुपारी बापूसाहेबांना चहाची तल्लफ आली. पुन्हा संध्याकाळी आली. मग ती मुक्कामालाच राहिली.

मध्ये खुशालराव एका कामासाठी घरी आले. बापूसाहेबांनी आडून आडून विषय काढला.

"काय हो, तंबाखूची आठवण होत नाही?"

"होते ना. रोज होते."

"मग काय करता?"

"काय करा लागते? येऊ देतो. जरा वेळ बसते, मंग जाते."

"पण मनाला काही सांगत असाल. बापाचं स्मरण, संकल्प, काहीतरी?"

"नाही बा," खुशालराव म्हणाले. "सोडली म्हंजे सोडली. त्याच्यात कायले कोनाले काही सांगा लागते?"

बापूसाहेब निराश झाले. या माणसाकडे उद्धृत करण्यासारखं काहीच नव्हतं.

दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा त्यांचा निर्णय झाला होता. सुट्टीच्या पहिल्याच दुपारी ते माजघरात आले. अनसूयाबाई चिवड्याचे पोहे चाळत बसल्या होत्या.

"चहा कर," बापूसाहेब म्हणाले, आणि हरकतीची वाट पाहू लागले. मुद्दे तयार होते. संकल्प संस्कृतात झाला, संस्कृतात चहा नाही, सबब संकल्पात चहा आलेला नाही. शिवाय रीत फळाची आणि भाजीची; चहा या दोन्हींत बसत नाही. शिवाय तिसराही एक मुद्दा होता.

"करते," अनसूयाबाई म्हणाल्या आणि उठल्या.

आधण ठेवल्याचा आवाज आला. आल्याचा वास आला. कप पुढ्यात आला. बापूसाहेबांचा एकही मुद्दा खर्ची पडला नव्हता.

"तुला काहीच म्हणायचं नाही?"

"मी काय म्हणणार? घ्या, निवेल." त्या पुन्हा पोह्यांशी बसल्या. "मी आपलं पोळ्यापर्यंत धरलं होतं. खुशालरावांचं म्हणणं, दिवाळी गाठतील. त्यांचंच खरं निघालं."

कप ओठांपर्यंत गेला होता, तो तिथंच थांबला. "खुशालराव असं म्हणाले?"

"गाडीत. तुम्ही खिडकीबाहेर पाहत होतात तेव्हा."

"तेल्हाऱ्याचा खुशालराव? माझ्याबद्दल?"

"तुम्ही घ्या ना चहा."

बापूसाहेबांनी कप इतक्या जोरात ठेवला की बशीत अर्धा सांडला. "उचल हे," ते म्हणाले. गेल्या कित्येक आठवड्यांत त्यांना इतकी हुशारी वाटली नव्हती. तल्लफ कुठल्या कुठे गेली.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी खुशालराव कापूस घेऊन बाजारात आले होते. बापूसाहेब चालत जाऊन त्यांच्या गाडीपाशी उभे राहिले.

"काय हो, मला दिवाळीची मुदत दिली होती म्हणे तुम्ही?"

"मुदत? कोनं?"

"तुम्ही. गयेहून येताना, आमच्या घरी सांगितलंत."

खुशालराव गोंधळले. "वहिनी मायासंग बोलल्याच कुठं, साहेब? सगळ्या रस्त्यानं 'हा डबा धरा' एवढंच म्हटलं त्यायनं." मग जरा थांबून ते प्रामाणिकपणे म्हणाले, "आन् मले कोनी पुसलं असतं, तं मी त्याच्या आंधीची होळीच म्हटली असती."

बापूसाहेब घरी आले ते तडक माजघरात.

"खोटी साक्ष दिलीस."

"हो," अनसूयाबाई म्हणाल्या.

"वर हो म्हणतेस?"

"सासूबाईंच्या नावानं खाली ठेवलेलं परत उचलायचं नाही, एवढंच मला कळतं. तुमचे मुद्दे मला खोडता आले नसते. म्हणून मी त्यांना हातच लावला नाही." त्यांनी पदराला हात पुसले. "आता कळलंच आहे तुम्हाला. ठेवू आधण?"

बापूसाहेब पाटावर बसले. प्रकरण त्यांनी सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं. साक्ष खोटी होती, यात शंका नव्हती. पण दिवाळी उद्यावर आली होती, आणि आत्ता चहा घेतला तर ती साक्ष खरी ठरत होती. उलट नाही घेतला तर खोटी साक्ष देणारी बाई जिंकत होती. इतक्या वर्षांच्या वकिलीत त्यांना कोणी असं बांधलं नव्हतं.

"दिवाळी होऊन जाऊ दे," ते शेवटी म्हणाले. "मग बघतो."

"बरं. मीही संक्रांत धरूनच चालले आहे."

"संक्रांत?" बापूसाहेब ताडकन उठले. "तू मला समजतेस तरी काय?"

अनसूयाबाईंनी त्यांच्यापुढे ताकाचा पेला ठेवला. तो त्यांनी उभ्या उभ्या, एका दमात संपवला.